बयाजीची बोलणी

“आजपासून या खोऱ्यात अंतर नावाची गोष्टच उरलेली नाही!”

उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी हे गरजून सांगितलं तेव्हा त्यांची पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरली होती आणि एका पायात बूट नव्हता. एप्रिल सरत आलेला. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे हटतं आणि आमच्या गावचा धक्का कोरड्यावर उभा राहतो, वरात निघून गेल्यावर मांडव उभा राहतो तसा. लाँच पार खाली थांबते आणि तिथून धक्क्यापर्यंत नुसता चिखल. माझ्या नवऱ्यानं पाहुण्यांना पाठकुळी घेऊन तो पार करवला. एक बूट मात्र धरणानं ठेवून घेतला.

याला आता बरीच वर्षं झाली. नवऱ्याचं नाव घेऊ नये असं मला सासरी आल्याआल्या सांगितलं होतं. पण सगळी गोष्ट ‘हे आले, हे म्हणाले’ करत सांगितली तर वाचणाऱ्याला कुठले हे ते कळायचं नाही. म्हणून सरळ बयाजी म्हणते. ऐकायला असते तर हसले असते. बयाजी उतेकर, सरकारी लाँचचे चालक. मी गावच्या शाळेत शिकवत असे. सगळं गाव मला ‘बाई’ म्हणे. बयाजीसुद्धा.

तर उद्घाटन. गावच्या आरोग्य उपकेंद्रात दाराएवढा टीव्ही बसवला होता, त्याच्यावर कॅमेरा, समोर चाकांची फिरणारी खुर्ची. टीव्हीत शहरातल्या मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलचे एक तरुण डॉक्टर छातीपर्यंत दिसत होते. आता कुणाला सातशे पायऱ्या चढायला नकोत, एसटी नको, लॉजवर राहणं नको. इथे बसा, तिथे दिसा, असं पाहुणे सांगत होते. पायऱ्या कुठल्या, हे कुणालाच कळलं नाही. भाषण बहुतेक दुसऱ्या गावासाठी लिहिलेलं होतं.

“आता प्रात्यक्षिक!” पाहुणे म्हणाले. “पहिला पेशंट कोण?”

चारचौघांत आजारी व्हायला कोण पुढे येणार? बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. तेवढ्यात पाहुण्यांची नजर बयाजीवर गेली.

“हां, तुम्ही या! माझं वाहन!”

सगळे खो खो हसले.

“त्याला काय धाड भरलीय सायेब?” मागून कुणीतरी ओरडलं. “रेडा हाय नुसता!”

“नसू दे काही. नुसतं दाखवायचंय.”

बयाजी ऐटीत खुर्चीत बसले, तिच्यावर एक गोल फेरी मारून घेतली आणि टीव्हीला हात जोडले. “रामराम डॉक्टर. मला तसं काय न्हाय. गालात आतनं एक फोड हाय, तंबाखूचा. तिखट खाल्लं की चुरचुरतो. एवढ्यावर भागतंय का बघा.”

पुन्हा हशा. टीव्हीतले डॉक्टरही हसले. “आ करा. अजून. सिस्टर, टॉर्च धरा जरा.”

उपकेंद्रातल्या वैजयंता सिस्टरांनी टॉर्च धरला. डॉक्टर पुढे वाकले. त्यांचं हसू आधी डोळ्यांतून गेलं, मग तोंडावरून.

“हे कधीपासून आहे?”

“दिवाळीपासनं आसंल.”

“तुमच्याबरोबर कोण आलंय?”

“अख्खं गाव आलंय की!”

“जवळचं कोण आहे?”

माईक लाउडस्पीकरला जोडलेला होता. धक्क्यावरच्या कुत्र्यांनीसुद्धा ते ऐकलं. बयाजी खुर्चीसकट वळले आणि बायकांच्या घोळक्यात मला शोधायला लागले.

“या आठवड्यात इकडे या,” डॉक्टर म्हणाले. “थांबू नका.”

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. “बघा! बसल्या जागी निदान! उरलं अंतर?”

गावानंही टाळ्या वाजवल्या. मग बयाजींनी पाहुण्यांना पुन्हा पाठीवर घेतलं आणि लाँचपर्यंत पोचवलं.

शहराबद्दल फार सांगत नाही. ऑपरेशनला जाताना लाँच बयाजींनीच चालवली. येताना होडी करावी लागली. डावा गाल आणि निम्मा जबडा तिकडेच राहिला. मग विजेचे शेक झाले. पुढच्या फाल्गुनात तेच दुखणं मानेत परत आलं. तेव्हा हॉस्पिटलमध्ये मला एकटीला आत बोलावून टीव्हीतल्या त्याच डॉक्टरांनी सांगितलं, “बाई, आता बरं करणं आमच्या हातात नाही. दुखणं कमी करता येईल, आणि ते नक्की करू. त्यासाठी एवढा प्रवास करू नका. दर बुधवारी गावातूनच दाखवा.”

मी बाहेर आले. बयाजींना बोलता येत नव्हतं, म्हणून मी शाळेतली पाटी बरोबर ठेवली होती. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पाटीवर लिहिलं, ‘आबाला सांगू नको.’

आपल्याकडे पेशंटपासून लपवायची पद्धत आहे. आमच्याकडे पेशंटनंच घरच्यांपासून लपवलं.

आबा म्हणजे माझे थोरले दीर. आईबाप लवकर गेल्यावर धाकट्या बयाजीला त्यांनीच वाढवलं. पाण्याच्या दोन्ही काठांवरची निम्मी लग्नं त्यांनी जुळवलेली आणि स्वतः बिनलग्नाचे. “वाढपी शेवटी जेवतो,” म्हणायचे, आणि जेवायचे राहूनच गेले. बोलणी करावीत तर आबांनी. मुलगी तिरळी असेल तर ‘लाजाळू, वर बघत नाही’ म्हणायचं. मुलगा वर्षभर घरी बसून असेल तर ‘आईवडिलांची सेवा करतो’. खोटं असं नसायचं त्यात. नुसतं वळवून बसवलेलं असायचं.

मला त्याचा अनुभव होता. बयाजींच्या डाव्या भुवईवर लहानपणीची मोठी खोक. आम्हाला दाखवायला बसवलं तेव्हा आबांनी त्यांना उजवी बाजू करून दाराशी बसवलं होतं. मला डावी भुवई दिसली ती अंतरपाट बाजूला झाल्यावर. तोपर्यंत अक्षता पडून गेल्या होत्या.

उद्घाटनाच्या दिवशी जे झालं त्याचा अर्थ आबांनी त्यांच्या परीनं लावला होता. “ह्यानं सोयरीक बोलायच्या आधीच तोंड उघडून दाखवलं,” असं ते सगळ्यांना सांगत. “मग पुढं काय व्हणार? आता मी बसतो बोलायला.”

आणि ते बसले.

पहिल्या बुधवारी आबा काळा कोट आणि इस्त्रीची टोपी घालून सकाळपासून तयार. आम्ही तिघं उपकेंद्रात गेलो तर टीव्हीसमोरच्या टेबलावर कांदेपोह्यांची बशी, वर खोबरं.

“आबा, हे कुणाला?” सिस्टरांनी विचारलं.

“डॉक्टरांना.”

“ते टीव्हीत आहेत.”

“रीत ती रीत,” आबा म्हणाले. शेवटी ते पोहे सिस्टरांनीच खाल्ले. चांगले झाले होते म्हणाल्या.

टीव्ही लागला. आबांनी बयाजींची खुर्ची फिरवून उजवी बाजू कॅमेऱ्याकडे केली, डाव्या गालाची पट्टी उपरण्यात झाकली आणि स्वतः स्टूल ओढून पुढे बसले. मी मागे भिंतीशी उभी. शाळेत मी दोन वर्ग एका आवाजात गप्प करत असे, पण थोरल्या दिरासमोर तोंड उघडायची आमच्यात पद्धत नव्हती. आबाही माझ्याशी सरळ बोलत नसत. ‘बाईंना म्हणावं चहा टाका’ असं ते बयाजींना सांगत, मी शेजारी उभी असले तरी.

“नमस्कार,” टीव्हीतले डॉक्टर म्हणाले. “मी डॉक्टर बेंद्रे. ओळखलंत ना बयाजी?”

“बेंद्रे?” आबा पुढे सरकले. “मूळचे कुठले?”

“सांगलीकडचे. तुम्ही?”

“मी थोरला भाऊ. सांगलीकडं बेंद्रे नदीच्या अल्याड का पल्याड?”

“आजोबा, आधी पेशंटबद्दल बोलू या.”

“बोलू की. घाई कुणाला हाय? लगीन झालंय?”

“पेशंटचं?”

“तुमचं.”

डॉक्टर हसले. “अजून नाही. बरं, जेवण जातंय का यांना?”

“झकास!” आबा म्हणाले. “सकाळी उठल्यापास्नं खातोय. पोरगा पहिल्यापास्नं खाऊन-पिऊन सुखी. निर्व्यसनी.” मग जरा थांबून म्हणाले, “आता.”

बयाजींना नळीनं पेज जात होती, तीही निम्मी बाहेर येत होती.

“ठीक. आता मला एक सांगा. दुखतं किती? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. यात कितीवर आहे?”

बयाजींनी मांडीवर नऊ बोटं उघडली. मी मागून पाहिली. आबांनीही पाहिली. त्यांनी आपला हात हलकेच बयाजींच्या हातांवर ठेवला आणि बोटं मिटवली.

“चार,” आबा म्हणाले. “तेबी लई झाले. साडेतीन धरा.”

“छान,” डॉक्टर म्हणाले. “मग साध्या गोळ्यांवर भागेल.”

घरी जाताना पायवाटेवर मी पुढे, बयाजी मध्ये, आबा मागे. मी समोरच्या आंब्याला म्हणाले, “दुखतं नऊ आणि सांगतात चार. हिशेब कुठल्या शाळेत शिकले देव जाणे.”

आबांनी त्याच आंब्याला उत्तर दिलं. “बाईंना म्हणावं, पहिल्या बैठकीत खरा आकडा सांगत नसत्यात. नऊ म्हणालो तर पावणं उठून जात्याल. आधी पसंती येऊ द्या.”

“कसली पसंती?” मी आंब्याला विचारलं.

“मोठ्या ऑपरेशनला घेत्यात की. बगून-सवरून घेत्यात. चांगल्यातला चांगला घेत्यात. बाकीच्यांना गोळ्या देऊन वाटंला लावत्यात.”

बयाजींनी चालता चालता मागे हात करून माझा पदर ओढला. बोलू नको.

आबांना टीव्ही म्हणजे दाखवण्याचा कार्यक्रम वाटत होता. तिकडे बसलेले लोक इकडचे पेशंट बघतायत, पसंत पडला तर ठेवून घेणार, नाहीतर नाही. आणि बयाजी हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड स्थळ होतं. ते जमवायचंच असं त्यांनी ठरवलं होतं.

“पोरगा मात्र ब्येस हाय,” थोड्या वेळानं आबा म्हणाले.

आम्ही दोघंही थांबलो.

“डॉक्टर. सावंतांची सुमन हाय ना पलीकडची, नर्सिंगची? तिला शोभंल. पण पोर उंच हाय, आन ह्यो दिसतोय निस्ता छातीपतूर. उंची कळत न्हाय. टीव्हीत ह्योच वांदा हाय.”

बयाजींच्या खांद्याला हिसके बसायला लागले. मला वाटलं उबळ आली. हसत होते. हसल्यावर दुखायचं, म्हणून एका हातानं मान धरून हसत होते.

दुपारी उन्हात पत्रे तापले की दुखणं वाढायचं. बयाजी उशीत तोंड खुपसून अंगाची मोळी करत. आवाज नीट निघत नसे, म्हणून खाटेच्या लाकडी गातावर मूठ आपटत. शेजारी म्हणायचे, उतेकरांकडं कसलं तरी सुतारकाम चाललंय. त्या गोळ्या खाऊन दुखणं तेवढंच राहायचं, नुसता मला काहीतरी दिल्याचा दिलासा मिळायचा.

“पुढच्या बुधवारी मी बोलणार,” मी म्हणाले. “दिरासमोर बोलले म्हणून वाळीत टाकतील तर टाकू देत.”

त्यांनी पाटी मागितली. ‘आबाला बोलू दे.’

“आणि तुमचं दुखणं?”

‘माझंच हाय. कुटं जातंय.’

“अहो, पण कशासाठी? त्यांना एकदा सांगून टाकू, की आता काही…”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सबंध पाटी पुसली. मग बराच वेळ खडू धरून बसले. तेवढ्यात दारात आबांचा खाकरा ऐकू आला. कोटाच्या आत घालायला त्यांनी घडी केलेला टॉवेल आणला होता, खांदे भरलेले दिसावेत म्हणून.

दुसऱ्या बुधवारी बयाजींच्या अंगात कोट, कोटात टॉवेल, तोंडाला पावडर. उजवी बाजू कॅमेऱ्याकडे. नेटवर्क त्या दिवशी रडत होतं. ऐन मोक्याला चित्र अडकलं, आणि अडकलं तेही बयाजींचा चेहरा जरा हसरा असताना. डॉक्टरांकडे सगळा वेळ तेच चित्र असणार.

“वा, आज फ्रेश दिसताय,” त्यांचा आवाज आला.

बयाजी तेव्हा टेबलाची कड धरून घामानं निथळत होते. पावडरीच्या रेघा पडल्या होत्या.

“दुखणं किती?”

“तीन,” आबा म्हणाले. “उतार पडलाय.”

मी एक पाऊल पुढे टाकलं. बयाजींनी मान न वळवता नुसता पंजा दाखवून मला थांबवलं.

“उत्तम. औषध तेच ठेवू.”

“मंग पुढचं कसं?” आबांनी विचारलं. आवाज एकदम बोलणीतला, खालच्या पट्टीतला. “बोलावताय कवा?”

“कुठे?”

“तिकडं. ऑपरेशनला.”

ऑपरेशन आता नाहीच, हे या डॉक्टरांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, बयाजींना ठाऊक होतं. पण हॉस्पिटलमध्ये नातेवाइकाला बाजूला घेऊन सांगायला निदान कॉरिडॉर असतो. टीव्हीला कॉरिडॉर नव्हता. बोलायचं ते पेशंटच्या तोंडावर.

“बघू,” डॉक्टर म्हणाले. “मी कळवतो.”

टीव्ही बंद झाला. आबा स्टुलावरून उठले नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली, तिची घडी नीट करत राहिले. मग मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा ते माझ्याकडे बघून, माझ्याशी बोलले.

“‘कळवतो’ म्हणाले, बाई.”

“कामात असतील,” मी म्हणाले.

“‘कळवतो’ म्हणून गेलेल्या एका पावण्यानंबी मला आजवर कळवलेलं न्हाय.” ते उठले. “अजून एक बैठक हाय. बघू. आकडा आणखी खाली आणू.”

तिसऱ्या बुधवारी बयाजींना चालवेना. आबा पाठमोरे खाली बसले आणि म्हणाले, “ये.” मी बयाजींना त्यांच्या पाठीवर चढवलं. सत्तरी उलटलेला माणूस तो; मला वाटलं दोघंही कोसळतील. पण आबा सहज उठले, आणि उठल्यावर क्षणभर तसेच उभे राहिले. वजन इतकं कमी असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. वाटेत कुणी विचारलं की म्हणायचे, “पायात काटा मोडलाय जरासा.”

खुर्चीत बसवलं, टॉवेल सारखा केला, पावडर लावली, उजवी बाजू पुढे. नेटवर्क अगदी लख्ख. डॉक्टर बेंद्र्यांच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा वाचता येत होतं.

“कसे आहात? आज किती?”

बयाजींनी बोटं उघडलीच नाहीत. डोळे मिटून बसले होते.

“दोन,” आबा म्हणाले. “आता दोनाच्या खाली काय सांगू? माणूस हाय, कायतरी दुखणारच.”

दिरासमोर बोलायचं नाही ही रीत टीव्हीसमोर मी त्या दिवशीही पाळली. एक अक्षर बोलले नाही. मी पुढे गेले आणि सरकारनं दिलेली खुर्ची फिरवली. चांगली खुर्ची होती. एका बोटानं फिरली.

बयाजींची डावी बाजू टीव्हीसमोर आली. उपरणं खाली घसरलं.

डॉक्टर टीव्हीत जागच्या जागी थिजले. मला वाटलं चित्र अडकलं. पण मागचं कॅलेंडर वाऱ्यानं हलत होतं.

“सिस्टर,” ते म्हणाले, “पट्टी सोडा.”

पट्टीच्या आतलं मी इथे लिहीत नाही. वैजयंता सिस्टर खमक्या बाई, पण त्यांनीही पदर नाकाला लावला.

“बयाजी, माझ्याकडे बघा. खरं सांगा. किती?”

बयाजींनी दोन्ही हात वर केले. नऊ बोटं उघडी होती. त्यांनी दहाव्याकडे जरा वेळ पाहिलं आणि तेही उघडलं.

“मला चार सांगितलं होतं,” डॉक्टर म्हणाले. “मग तीन. आज दोन. आजोबा, दोन आठवडे यांना जे औषध द्यायला हवं होतं ते मी दिलंच नाही. का सांगितलंत असं?”

“नऊ सांगितलं असतं तर घेतला असता का तुमी त्याला?” आबा म्हणाले.

“कुठे घेतला असता?”

“तुमच्यात. मोठ्या ऑपरेशनला.”

“ऑपरेशन होणारच नव्हतं. तुम्हाला घरी कुणी सांगितलं नाही?”

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग बयाजींकडे. बयाजींनी मान खाली घातली. लहानपणी आबांचा तमाशाला जायचा फेटा पळवून विहिरीत टाकला होता, तेव्हा असेच मान घालून बसले होते असं आबा सांगायचे.

“तुला ठावं व्हतं?” आबांनी विचारलं.

बयाजींनी मान हलवली.

“आन मी टावेल भरत बसलोय.”

डॉक्टर हळूच म्हणाले, “आजोबा, पसंती वगैरे काही नसतं हो. इथे मी फक्त दुखणं कमी करायला बसतो.”

आबा त्या दाराएवढ्या पडद्याकडे खालपासून वरपर्यंत बघत राहिले.

“मंग एवढा मोठा टीव्ही कशाला लावलाय?”

डॉक्टरांनी खाली बघून मॉर्फिन लिहिलं. ते कुठल्याही दुकानात मिळत नाही, जिल्ह्याला माणूस पाठवून आणावं लागेल, म्हणाले. चिठ्ठी लगेच सिस्टरांच्या कॉम्प्युटरवर आली, क्षणात. औषध यायला मात्र पाण्यापलीकडे जायला हवं होतं, आणि लाँच बंद होती, कारण लाँचचा चालक आजारी होता. बदली चालकाचा प्रस्ताव वर गेला होता आणि वरच राहिला होता.

होडीवाला यात्रेला गेलेला. सिस्टरांनी छापून दिलेली चिठ्ठी टोपीत घालून आबा डोंगरानं निघाले, पाण्याला वळसा घालून. तिसऱ्या दिवशी परत आले. कोट कुठे तरी काटेरी झुडपाला अडकून फाटला होता. औषधाची बाटली त्यांनी टॉवेलात गुंडाळून आणली होती, त्याच टॉवेलात. ती माझ्या हातात दिली आणि न बसता आपल्या घरी गेले.

मग ते आमच्याकडे यायचेच थांबले. बयाजींना दिवसातून थोडी थोडी झोप लागायला लागली. गातावरचं सुतारकाम बंद झालं. बाकी काही बरं झालं नाही, आणि होणार नव्हतं. पेज जाईनाशी झाली. डोळे मोठे झाले. जागे असले की दाराकडे बघायचे.

“आबांना बोलावू का?” मी विचारलं.

‘यायचा न्हाय. तोंड दाखवायला लाजतोय.’ अक्षर आता इतकं फिकट उमटायचं की मला पाटी उजेडात तिरकी धरावी लागे. ‘त्यानं जुळवलेलं एक मोडलं. लई लागलंय त्याला.’

“कुणाचं मोडलं?”

‘माझं.’

चौथ्या बुधवारी बयाजींनीच चलायची खूण केली. मी सिस्टरांच्या शिपायाला हाक मारणार, तोवर आबा दारात येऊन पाठमोरे बसले होते. घेऊन गेले, खुर्चीत बसवलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. कोट नाही, टोपी नाही.

“आबा, आत या की,” सिस्टर म्हणाल्या.

“मी न्हाय. माझं काम संपलं. त्याचं त्याला बोलू द्या.”

टीव्ही लागला. मी खुर्ची सरळ केली. बयाजी आज पहिल्यांदा तोंडासमोर तोंड करून बसले, पट्टीसकट, भुवईवरच्या खोकेसकट.

“किती आज?” डॉक्टरांनी विचारलं.

पाच बोटं.

“खरी?”

बयाजींनी मान हलवली. डॉक्टरांनी डोस थोडा वाढवला, बद्धकोष्ठाचं काय ते सिस्टरांना सांगितलं. मग खुर्ची पुढे ओढली. असं काही विचारायची त्यांनाही सवय नसावी. आधी पेन टेबलावर ठेवलं, मग पुन्हा उचललं.

“बयाजी, पुढच्या बुधवारी तुम्हाला इथवर यायला जमेलच असं नाही. मला काही विचारायचं असेल, काही सांगायचं असेल, मनात काही राहिलं असेल, तर आज सांगा. माझ्या हातातलं असेल तर मी करीन.”

बयाजींनी माझ्याकडे हात केला. मी पाटी दिली. त्यांनी एकदा उघड्या दारातून पायरीकडे पाहिलं. आबांची पाठ दिसत होती, टोपीशिवायचं पांढरं डोकं, गुडघ्यात घातलेलं. मग ते लिहायला लागले. एकेक अक्षर काढून दमत होते, थांबत होते, पुन्हा काढत होते. सिस्टर टीव्हीचा आवाज उगाच कमी-जास्त करत राहिल्या. डॉक्टर डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसत होते. मला वाटलं, माझ्यासाठी काही असेल. किंवा देवासाठी. किंवा निदान तंबाखूविरुद्ध गावासाठी चार शब्द.

लिहून झालं. मी पाटी त्यांच्या हातून घेतली, न वाचताच कॅमेऱ्यासमोर धरली. डॉक्टर पुढे वाकून वाचायला लागले. अक्षर लागेना, म्हणून म्हणाले, “बाई, तुम्हीच वाचा ना. मोठ्यानं.”

मी पाटी वळवून उजेडात तिरकी धरली. मग पायरीवर ऐकू जाईल अशा, शाळेतल्या आवाजात वाचली.

‘आबाला आत बोलवा. आन डॉक्टर, तुमी जरा उठून हुबं ऱ्हाता का? उंची बघायची ऱ्हायलीया.’